चोखणीचं झाड

मुलं आपल्याला कळतात, याबद्दल गुड्रुनबाईंच्या मनात कधी शंका आली नाही. डेन्मार्कमधल्या युटलंडच्या उत्तर टोकाला, खाडीपासून जरा आत, शेतांच्या मधोमध त्यांचं घर. त्या घरात त्यांनी नवऱ्याच्या हयातीत आणि तो गेल्यावरही पाळणाघर चालवलं. गावातली आजची निम्मी बापेमाणसं त्यांच्या हातून नाक पुसून घेऊन मोठी झालेली. आपल्याकडे तीन वर्षांवरच्या कुठल्या पोराच्या तोंडात चोखणी दिसली नाही, कुणी रडत जेवलं नाही आणि चालता येणाऱ्या कुणालाही कडेवर घेतलं नाही, हे बाई कुणी न विचारताच सांगत. ऐकणाराही मान डोलवायचा, कारण बहुधा त्यानेही लहानपणी त्यांच्याच टेबलाशी मुकाट्याने बटाटे गिळलेले असायचे.

कौतुक नव्हतं ते एका सुनेला. "गुड्रुन, तुझ्याकडे मुलं रडत नाहीत, कारण रडून उपयोग नाही हे त्यांना कळतं," असं रिक्के एकदा भर जेवणात बोलून गेली होती. बोलताना तिने रश्श्याचं भांडंही सासूपुढे सरकवलं, म्हणजे भांडण नव्हतं, नुसतं मत होतं. पण त्या मतानंतर आस्गर, म्हणजे बाईंचा एकुलता मुलगा, बायकोमुलांना घेऊन यायचा तो नाताळात आणि वाढदिवसाला. कॉफी पिऊन, केक खाऊन, अंधार पडायच्या आत गाडी परत. नातवंडं आजीकडे एक रात्रसुद्धा राहिली नव्हती. गाव जिच्या हाती पोरं सोपवून निर्धास्त झालं, तिच्याकडे पोटच्या पोराने आपली पोरं ठेवू नयेत, हे बाईंच्या जिव्हारी लागलं होतं. त्या ते कुणाला बोलून दाखवत नसत. खिडक्या पुसताना काच जरा जास्त जोरात घासत, एवढंच.

आणि या जानेवारीत दार उघडलं. रिक्के दिवस भरायच्या फार आधी बाळंत झाली. मुलगी. शहरातल्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं, नाकात नळ्या, आणि आईबाप दोघंही त्या पेटीला चिकटून. नाव अजून ठेवायचं होतं. सगळे तिला धाकटी म्हणत. रिक्केची आई दर हिवाळ्यासारखी स्पेनच्या उन्हात जाऊन बसलेली, तिला विमान मिळेना. मग आस्गरचा फोन आला. "आई, मुलांना तुझ्याकडे आणू का? आठवडाभर?"

"आण की," बाई म्हणाल्या. आवाजात शक्य तेवढी काळजी होती. फोन ठेवून त्यांनी ताबडतोब वरच्या खोलीत दोन गाद्या घातल्या, आणि गाद्या घालताना त्या गुणगुणत होत्या. दुसऱ्याच्या संकटात आपला सण साजरा करणारी माणसं दुष्टच असतात असं मी म्हणणार नाही. पण गुणगुणत होत्या हे खरं. आठवडा नीट पार पडला तर नातवंडं पुढेही येतील, उन्हाळ्यात येतील, राहायला येतील. बिघडला तर पुन्हा नाताळची कॉफी.

वीबे सहा वर्षांची, बिर्क साडेतीनचा. वीबे शहाण्या मुलींच्या जातीची. आल्याआल्या स्वतःचे बूट जागेवर ठेवले आणि भावाचेही ठेवले. बिर्कच्या तोंडात निळी चोखणी होती, ती जेवताना निघायची आणि घास संपला की परत जायची. बाई पहिल्या दिवशी बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी रिक्केपाशी विषय काढला.

"नाही, गुड्रुन," रिक्केचा थकलेला आवाज आला. "आत्ता नाही. वसंतात आम्ही सगळे मिळून झाडापाशी जाऊ, धाकटीला घेऊन. मी त्याला कबूल केलंय. तोवर त्याची चोखणी त्याच्याकडे राहू दे. वचन दे मला."

"अगं, अर्थातच," बाई म्हणाल्या.

झाड म्हणजे गावाबाहेर, ख्रिसमसच्या झाडांच्या लागवडीच्या टोकाशी उभा असलेला एक म्हातारा बीच वृक्ष. त्याच्या फांद्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोखण्या रिबिनींनी बांधलेल्या. मूल मोठं झालं की त्याला तिथे न्यायचं, त्याच्याच हाताने चोखणी बांधायला लावायची, फांदीला कागदी झेंडा खोचायचा, थर्मासमधला कोको प्यायचा आणि टाळ्या वाजवून घरी यायचं. पोरं एकदा तिथे बांधून आली की परत मागत नाहीत, असा अनुभव. बाईंनी आपल्या पाळणाघरातली किती पोरं त्या झाडाखालून चोखणी सोडवून आणली होती!

तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार उघडलं. रात्रीच्या हिमाने कुंपणाच्या तारासुद्धा पांढऱ्या केल्या होत्या. नाश्त्याच्या टेबलावर बिर्क काहीतरी बोलला.

"बूच काढ, मग बोल," बाई म्हणाल्या.

त्याने चोखणी काढली. "धाकटी आज येणार का?"

"आज नाही. आज आपण फिरायला जायचं. लांब."

"किती लांब?" वीबेने विचारलं.

"पाय थांबायला सांगतात त्याच्या थोडं पुढे," बाई म्हणाल्या आणि थर्मास भरायला उठल्या. पिशवीत त्यांनी कलेजीचं वाटण लावलेले काळ्या पावाचे तुकडे घातले, दालचिनीचे गोल पाव घातले, आणि जराशाने खण उघडून एक लाल रिबीन आणि एक कागदी झेंडाही घातला. वचन मोडायचं असं त्यांनी मनाशी म्हटलं नाही. तयारी असावी, एवढंच म्हटलं. चोखणीशिवाय निजणारं पोर आईला दाखवू, बघ, तुझ्याच्याने दोन वर्षांत झालं नाही ते माझ्याकडे तीन दिवसांत झालं. रिक्के काय बोलणार मग?

थंडीच्या जाड्या सुटांत कोंबलेली दोन पोरं आणि पुढे आजी, असे ते शेतरस्त्याने निघाले. डबक्यांवर पातळ बर्फाच्या काचा बसलेल्या. वीबे टाचेने एकेक फोडत होती आणि प्रत्येक वेळी आजीकडे बघून घेत होती, चालतं ना म्हणून. बिर्कला सशाची पावलं सापडली, ती पाहायला तो चार पायांवर बसला. पहिली अर्धी वाट फार छान गेली, हे सांगितलंच पाहिजे.

शेजारचा आयगिल ट्रॅक्टर घेऊन समोरून आला आणि थांबला. "काय गुड्रुन, लष्करात भरती करतेस की काय पोरांना?"

"तुझ्यासारखी होऊ नयेत म्हणून चालवतेय," बाई म्हणाल्या. "तू लहानपणी माझ्या फाटकापर्यंतसुद्धा रडत यायचास."

"अजून येतो," आयगिल हसून म्हणाला. मग टोपी मागे सारून हळू आवाजात, "बाळाचं कसं काय?"

"चाललंय," बाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

लागवडीच्या कुंपणापाशी बिर्क बसला. "आजी, पाय संपले माझे."

"नवीन येतील. ऊठ."

"उचल ना."

"उचलतात ते पोत्याला. तू मुलगा आहेस." आणि बाई चालू लागल्या. ही त्यांची खास पद्धत होती. चालत राहायचं, वेग वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, आणि काहीही झालं तरी मागे वळायचं नाही. पोर शंभर पावलं रडतं, मग धावत येतं. वीबे मात्र मागेच थांबली. तिने भावाला उभं केलं, पाठीमागून ढकलत, मध्येच काखेत धरत ओढून आणलं. बाईंना पावलं ऐकू आली आणि पद्धत यशस्वी झाली असं वाटलं.

झाडापाशी वारा नव्हता. शेकडो चोखण्या फांद्यांवर थिजून लोंबत होत्या, काहींचं रबर फाटलेलं, रिबिनींचे रंग उडालेले. बिर्क तोंड वर करून बघत राहिला, आणि काहीतरी उमगल्यासारखा त्याचा हात तोंडावर गेला.

"यात तुझ्या बाबाचीपण आहे," बाई म्हणाल्या. "मोठ्या मुलांच्या आहेत या सगळ्या. बघ, मी रिबीन पण आणलीय."

"आईबरोबर यायचंय," बिर्क चोखणीच्या आडून म्हणाला.

"आईला वेळ नाही रे. आईला किती आनंद होईल तू बांधलीस तर!"

"नको."

बाईंनी कोको दाखवला. झेंडा दाखवला. सशाच्या पिल्लांना चोखण्या लागतात, ती रात्री येऊन घेऊन जातात, हेही सांगून झालं. ते सगळेच आईबाप सांगतात आणि सशांचं त्यात काही नुकसान होत नाही. बिर्कने ओठ अजून घट्ट आवळले. बाईंची बोटं गारठू लागली होती. इतक्या पोरांचं केलं आणि हे एक टिचभर, आणि तेही आपल्याच घरचं, ऐकत नाही.

तेवढ्यात वीबेने विचारलं, "आजी, धाकटीकडे आहे चोखणी?"

"कुठली? तिच्या नाकातोंडात नळ्या आहेत."

"मग ती रडली की काय करते?"

ही थाप बाईंनी घरून आणली नव्हती. ती तिथेच सुचली, आणि सुचल्याबरोबर इतकी चपखल वाटली की त्यांनी दुसरा विचारच केला नाही. त्या बिर्कसमोर गुडघ्यावर बसल्या. "म्हणून तर आलोय आपण इथे. मोठ्या भावाने स्वतःची चोखणी या झाडाला दिली ना, की लहान बाळाच्या अंगात ताकद येते. मग नळ्या काढतात. मग ती घरी येते."

"खरंच?" हे वीबेने विचारलं. बिर्क नुसता बघत होता.

"आजी खोटं बोलेल?"

मग बिर्कने चोखणी तोंडातून काढली. ती त्याने एकदा नाकाशी नेली, वास घेतला, आणि आजीच्या हातात न देता स्वतःच खालच्या फांदीशी गेला. रिबीन ओवायला वीबेने मदत केली. गाठ मात्र त्यानेच मारली, मुलांना येते तशी, गुंता करून. त्याची हनुवटी थरथरत होती, पण तो रडला नाही. "आता सांग तिला," तो झाडाकडे बघून म्हणाला.

बाईंनी टाळ्या वाजवल्या, फोनवर फोटो काढला. तो लगेच आस्गरला पाठवायचा मोह त्यांनी आवरला. योग्य वेळी दाखवू. मग त्या पाठ वळवून बांधावर बसल्या आणि कोको ओतू लागल्या. त्या दिवशी त्यांना इतका मनापासून आनंद झाला होता की दालचिनीचा एक पाव त्यांनी जास्तच खाल्ला.

त्या रात्री बिर्क जरा कुरकुरला आणि मग गप्प झाला. बाई पहाटेपर्यंत गाढ झोपल्या. दुसऱ्या दिवशी आभाळ शिशासारखं झालं आणि पूर्वेचा वारा सुटला. दुपारी त्यांनी बिर्कला तिकडच्या रिवाजाप्रमाणे, थंडीतही, बाहेर ओसरीत, जुन्या बाबागाडीत कोंबून, रजया घालून झोपवलं. थोड्या वेळाने पाहायला गेल्या, रजई जरा बाजूला केली. तो गाढ झोपला होता. तोंडात निळी चोखणी, आणि हनुवटीवर लाल रिबिनीचं टोक.

वीबे स्वयंपाकघरात चित्र काढत होती. बाई दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांना काही विचारावंच लागलं नाही. पोरीच्या हातातला खडू खाली ठेवला गेला.

"तू कोको ओतत होतीस तेव्हा काढली," ती म्हणाली. "तो रात्री झोपतच नव्हता, आजी. हुंदके देत होता. तू झोपली होतीस. फक्त एका रात्रीपुरती दिली. मी परत बांधणारच होते."

शहाण्या बाईने इथे काय केलं असतं? कदाचित हसली असती. कदाचित पोरीला जवळ घेतलं असतं, कारण साऱ्या घरात त्या रात्री रडणाऱ्या पोराजवळ तीच एक गेली होती. गुड्रुनबाईंना फक्त एवढंच दिसलं की आपण फसवले गेलो, आणि आई येईल तेव्हा पोराच्या तोंडात चोखणी असेल. शिवाय आता वचन मोडल्याचीही बोंब होईल, आणि हाती काहीच नाही.

"कपडे चढव," त्या म्हणाल्या. "त्यालाही उठव."

वाट कालचीच होती, पण वारा तोंडावर होता आणि डबक्यांच्या काचा कुणी फोडत नव्हतं. झोपेतून ओढून काढलेला बिर्क रडत चालला होता, चोखणी वीबेच्या मुठीत. बाईंनी वाटेत एक अक्षर काढलं नाही. न बोलणं ही त्यांची दुसरी पद्धत होती.

झाडापाशी आल्यावर त्या वीबेला म्हणाल्या, "आता तू बांध."

हातमोजे घालून गाठ बसेना. वीबेने ते काढले. बोटं लालभडक झाली, मग पांढरी पडू लागली, रिबीन वाऱ्याने निसटत होती. बाई बघत उभ्या होत्या. मदत करायला त्यांचा हात हलला नाही असं नाही. पण धडा म्हणजे धडा.

"एक सांग मला, वीबे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत. "धाकटी घरी यायला नकोय का तुला?"

वीबेने वर पाहिलं. "हवीये."

"मग तिची ताकद परत का घेऊन आलीस?"

पोरीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हा विचार तिच्या डोक्यात तोवर शिरलाच नव्हता. तो आत जाताना, खाली उतरताना बाईंना स्पष्ट दिसला. आपण जरा जास्तच बोललो, असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि त्याचबरोबर असंही वाटलं की आता ही पुन्हा असं करणार नाही.

"मला माहीत नव्हतं," वीबे म्हणाली. मग ती झाडाकडे वळली. "सॉरी. सॉरी. ही घे. आता कुणी नाही काढणार." गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारत ती कितीतरी वेळ उभी राहिली. बिर्कसुद्धा रडायचा थांबला.

परत येताना, कुंपणापाशी, बाईंच्या खिशात फोन वाजला. त्या पोरांपासून जरा पुढे गेल्या.

"आई," आस्गर म्हणाला, "पहाटे गेली ती. आम्ही तिला घेऊन बसलो होतो इतका वेळ. आत्ताच खाली ठेवली."

बाईंनी कुंपणाचा खांब धरला. रडू त्यांना आलं. ते खोटं नव्हतं. त्या तिची आजी होत्या आणि त्यांनी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. "मुलांना सांगू नकोस," आस्गर म्हणत होता. "आम्ही उद्या येतो. आम्हीच सांगू." हो, हो, असं त्या म्हणाल्या. फोन खिशात टाकताना मात्र त्या धाकटीचा विचार करत नव्हत्या, वेळ मोजत होत्या. पहाटे. म्हणजे काल रात्री. म्हणजे चोखणी घरी होती तेव्हा.

वीबे धावत आली. "बाबा होता? काढल्या नळ्या? आपण आत्ताच बांधली ना परत!"

बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं होतं. उजाड रस्ता, ऐकायला कुणी नाही, पोर समोर. ऐक, ते झाडाचं मी बनवून सांगितलं होतं, एवढंच वाक्य. बाईंनी ओठ उघडलेही. मग मनात आलं, ही आईला सांगेल. आजी थापा मारते हे सांगेल, चोखणी का काढली हे सांगेल, आणि रिक्के, आज या अवस्थेतली रिक्के, काय म्हणेल?

"चला, बिर्क गारठलाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात आली. आस्गरची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. रिक्के सावकाश, पोटाशी हात धरून चालत होती, आणि तिच्या राखाडी स्वेटरवर छातीशी दुधाचे दोन ओले डाग होते. ते पाहून बाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी कॉफी ठेवली, काळा पाव कापला, मेणबत्ती लावली. जे हातांना करता येतं ते सगळं त्यांनी केलं.

आस्गरने दोन्ही मुलांना टेबलाशी बसवलं आणि सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, की धाकटी फार लहान होती, डॉक्टरांनी खूप केलं, पण ती मेली. ती आता घरी येणार नाही.

"कधी?" वीबेने विचारलं.

"परवा रात्री, राणी. उजाडायच्या आधी."

वीबेने मान खाली घातली. तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ती रडली नाही, आणि आस्गरला वाटलं तिला नीटसं समजलं नाही.

समजलं होतं ते बिर्कला, त्याच्या परीने. "वीबेने झाडावरून काढली," तो म्हणाला. "माझी चोखणी. मी नाही काढली. वीबेने काढली."

रिक्केने हळूच मान वर केली. "कुठल्या झाडावरून? बिर्क, तुझी चोखणी कुठेय?" मग सासूकडे पाहिलं. "गुड्रुन? तू त्याची चोखणी काढून घेतलीस? आत्ता? या आठवड्यात?"

सगळं त्या एका उत्तरावर आलं होतं, आणि बाईंना ते कळत होतं. वीबे टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"मी नाही घेतली," बाई म्हणाल्या. "आम्ही फिरायला गेलो होतो, वाटेत झाड लागलं. त्याने आपणहून दिली, रिक्के. धाकटीसाठी. तिच्याकडे नाही ना म्हणून." त्यांनी फोन काढला, तो फोटो उघडला आणि सुनेपुढे ठेवला. पांढऱ्या फांद्या, लाल रिबीन, आणि टोपीखाली थरथरती हनुवटी सावरून उभा असलेला साडेतीन वर्षांचा भाऊ.

रिक्के बघत राहिली. मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो दवाखान्यातही आला नव्हता, असं आस्गर पुढे कित्येकदा म्हणाला. तिने बिर्कला छातीशी ओढला, त्या ओल्या डागांवर दाबून धरला. "तू दिलीस तिला? माझ्या सोन्या, तू तिला दिलीस?"

"पण वीबेने..." बिर्कचा दबलेला आवाज आला.

"लहान आहे, गोंधळलाय," बाई म्हणाल्या. "ताईने गाठ बांधायला मदत केली, ते म्हणतोय."

रिक्केने रडतारडता एक हात टेबलावरून पुढे केला आणि सासूचा हात धरला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. "थँक्यू," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू... जाऊ दे. थँक्यू, गुड्रुन."

पुढचं बोलणं आस्गरने केलं. पुरण्याची तयारी करायची होती, पाद्रीबाईंना भेटायचं होतं, रिक्केला अजून एकदा दवाखान्यात दाखवायचं होतं. तोवर मुलं इथेच राहिली तर चालतील का? "आणि पुढेही, आई," तो म्हणाला, "उन्हाळ्यात वगैरे. रिक्केच आत्ता गाडीत बसताना म्हणाली, आईशी बोल म्हणून."

"माझं काय," बाई म्हणाल्या, "राहू देत की."

गाडी गेल्यावर त्यांनी मुलांना पुन्हा कपडे चढवायला घेतले. काहीही झालेलं असो, दिवसातून एकदा पोरांना मोकळी हवा हवीच. बिर्क दारातच बर्फ चाटत बसला. वीबे पायरीवर उभी होती, आणि बाई तिच्या सुटाची चेन वर ओढत होत्या. बोटांच्या टोकांना तिच्या अजून सूज होती.

"आजी," वीबे अगदी हळू म्हणाली, "तू आईला सांगितलं नाहीस."

"काय?"

"मी काढली होती ते. आणि म्हणून ती..." तिला पुढचा शब्द म्हणता आला नाही. "बिर्क सांगत होता तर तू त्यालापण थांबवलंस."

बाईंचा हात चेनीवरच राहिला. ते एकच वाक्य अजूनही तोंडाशी होतं. ते काल जेवढं लहान होतं तेवढंच आजही होतं. पोरगी सहा वर्षांची होती. ते ऐकून तिने खांद्यावरचं सगळं तिथल्या तिथे पायरीवर टाकलं असतं आणि बर्फात पळाली असती. संध्याकाळी आईचा फोन आला असता तेव्हा तिने आईलाही सांगितलं असतं.

बाईंनी चेन हनुवटीपर्यंत ओढली. "नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

"कधीच नाही सांगणार?"

"कधीच नाही. आपल्या दोघींतच राहील."

वीबेने दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले आणि गार गाल त्यांच्या मानेत खुपसला. "थँक्यू, आजी," ती म्हणाली, "थँक्यू." नातीने आपणहून मिठी मारायची ही पहिलीच वेळ होती. बाईंनी तिला घट्ट धरलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.